अळीचं विष आणि पँटची कंबर

डोंबिवली पूर्वेला स्टेशनचा जिना उतरून गर्दीतून अंग सोडवलं की पानाची टपरी लागते. तिच्या खांबाला सुतळीने बांधलेला लायटर लोंबकळत असतो. सुटी सिगारेट-विडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. लायटर कुणासाठी टांगलाय ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या सकाळच्या गाडीच्या ग्रुपमधला एक मित्र वीस-बावीस वर्षं रोज संध्याकाळी त्या सुतळीला हात घालत होता. मागच्या पावसाळ्यात त्याने सोडली. दिवाळीच्या आसपास डब्यात भेटला, तेव्हा कुणी अभिनंदन करायच्या आत स्वतःच म्हणाला, "सिगारेट सुटली रे, पण पँट होईना!"

डबा हसला. मला मात्र ते वाक्य चिकटून बसलं. धूर जातो छातीत आणि चरबी येते पोटावर. मधला रस्ता कोणता? सिगारेटमध्ये ना साखर, ना तेल. ती बंद केल्याने माणूस जाड कसा होईल?

या प्रश्नाचं टोक धरून ओढत गेलो, तर दोरा थेट निपाणीकडच्या शेतात निघाला.

तंबाखूचं रोप बिचारं एका जागी उभं. अळी आली तर पळता येत नाही, हाकलायला हात नाहीत. मग त्याने काय करावं? त्याने रसायनशाळा उघडली, आणि तीही जमिनीखाली. निकोटिन पानात तयार होत नाही. ते मुळांत तयार होतं आणि रसाबरोबर वर पानांत पाठवलं जातं. वर अळीने पान कुरतडलं की निरोप खाली मुळांपर्यंत पोचतो, आणि मुळं निकोटिनचं उत्पादन वाढवतात! शेतकऱ्यालाही हे वेगळ्या वाटेने माहीत आहे. पान जाड आणि कडक व्हावं म्हणून तो फुलोऱ्याच्या वेळी रोपाचा शेंडा खुडतो. रोपाला वाटतं, कुणीतरी मोठा लचका तोडला. ते घाबरून आणखी निकोटिन पाठवतं. टपरीवर मिळते ती 'किक' म्हणजे मुळात घाबरलेल्या झाडाची तटबंदी.

हे विष अळीवर चालतं कसं? तिच्या मज्जातंतूंमध्ये एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारा एक रेणू असतो, अ‍ॅसिटिलकोलीन. तो येतो, कुलपात किल्लीसारखा बसतो, निरोप देतो आणि निघून जातो. निकोटिन त्याच कुलपात बसतं, पण निघायचं नाव घेत नाही. घंटा वाजतच राहते, अळी आखडते, जेवण संपतं. आणि आता गंमत बघा. निसर्ग चांगली वस्तू सहसा बदलत नाही. अळीकडे जी कुलपं आहेत, त्याच घराण्यातली कुलपं तुमच्या-माझ्या मेंदूत आहेत. अळीने खाणं थांबवावं म्हणून घडवलेली किल्ली आपल्याही कुलपांत फिरते, आणि आपलंही खाणं थांबवते!

किती वेळात? झुरका ओढल्यापासून दहा ते वीस सेकंदांत. टपरीवाला सुटे पैसे मोजून हातावर ठेवतो तोवर निकोटिन फुफ्फुसातून हृदयात आणि हृदयातून मेंदूत पोचलेलं असतं. शिरेत दिलेल्या इंजेक्शनपेक्षा हा रस्ता जवळचा.

मेंदूत ते सुखाची घंटा वाजवतं हे आपण ऐकलेलं असतं. पण भुकेची घंटा? तिचा शोध चुकूनच लागला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मरिना पिचॉटो यांच्या प्रयोगशाळेत यान मिन्यूर नावाचे संशोधक उंदरांवर नैराश्याच्या औषधांचे प्रयोग करत होते. औषध निकोटिनच्या चुलतभावासारखं होतं. नैराश्याचं काय व्हायचं ते झालं, पण त्यांच्या लक्षात आलं की हे उंदीर जेवतच नाहीत. माग काढत गेल्यावर सापडलं ते असं: मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, 'पोट भरलं' असं सांगणाऱ्या पेशींचा एक गट आहे, आणि निकोटिन त्यांचं बटण परस्पर दाबतं. हा शोध २०११ साली 'सायन्स'मध्ये छापून आला. मला यातली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटली. भुकेचं कुलूप आणि चटक लावणारं कुलूप ही दोन वेगवेगळी कुलपं आहेत. एकच किल्ली दोन्हींत बसते, एवढंच.

म्हणजे दुपारी एक वाजता टपरीवर चहा-सिगारेट मारून 'आज जेवायची इच्छा नाही' म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याच्या मेंदूला खरंच वाटतं की आपण जेवलो.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू चुलीची. १९८६ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी आठ धूम्रपान करणाऱ्यांना एका बंद खोलीत ठेवलं. खोली अशी की आत माणसाने किती प्राणवायू वापरला यावरून शरीराने किती इंधन जाळलं ते मोजता यावं. एक दिवस सिगारेटविना, एक दिवस चोवीस सिगारेटी ओढून. जेवण सारखं, हालचाल सारखी. सिगारेटच्या दिवशी शरीराने सुमारे दहा टक्के जास्त जाळलं, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. काहीही न करता! निकोटिन अ‍ॅड्रिनलिन सोडायला लावतं, नाडी वाढते, शरीर जणू लोकल पकडायला धावतंय अशा तयारीत दिवसभर उभं राहतं. स्टोव्हला सतत पंप मारत बसल्यासारखं.

आता बेरीज करा. भूक दाबलेली, चूल मोठी केलेली. सिगारेट सुटली की एका आठवड्यात दोन्ही गोष्टी सुटतात. चूल नेहमीच्या आचेवर येते आणि भूक, वीस वर्षं दाबून ठेवलेली, हाका मारत येते. त्यात जिभेवरची आणि नाकातली चव काही दिवसांत परत यायला लागते. कल्याणच्या खिडकी वड्याचा वास रस्त्याच्या पलीकडून येतो हे माझ्या मित्राला म्हणे पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं!

थोडं थांबून एक आकडा. २०१२ साली फ्रान्सचे ऑबँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बऱ्याच अभ्यासांची गोळाबेरीज 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मांडली. कुठलंही औषध न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोने वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. पण सरासरी फसवी असते. दर शंभरातल्या सोळा जणांचं वजन चक्क कमी झालं, आणि तेरा जणांचं दहा किलोंहून जास्त वाढलं. म्हणजे 'सोडली की जाड होतोच' हेही खोटं आणि 'काही होत नाही' हेही खोटं.

आणि हे वाढलेलं वजन आलं कुठून? मला ते उसनवारीसारखं वाटतं. सिगारेट सोडणारा पुढे साधारण त्या वजनाला पोचतो, जे त्याने कधीच ओढली नसती तर असतं. निकोटिनने ते किलो वितळवले नव्हते, फक्त दाराबाहेर उभे करून ठेवले होते.

इथे मी आपल्या लोकांकडे वळतो, कारण आपल्याकडे सिगारेट ही तंबाखूची धाकटी पाती आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ फक्त ३.८ टक्के निघाले, पण तंबाखू खाणारे, मळणारे, लावणारे २४.४ टक्के. मग धुराशिवायच्या तंबाखूचं आणि वजनाचं काय? याचं उत्तर मुंबईत आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांचे सहकारी मतदार याद्या घेऊन मुंबईतली घरं पालथी घालत होते, आणि माहिती भरायला हातात मावणारे छोटे संगणक वापरत होते. त्या काळात! तब्बल ९९,५९८ माणसं. प्रत्येकाची उंची, वजन आणि तंबाखूची सवय. पुढे २००६ साली मंगेश पेडणेकर आणि गुप्ता यांनी त्यातून दाखवलं की तंबाखू कोणत्याही रूपात घेणारी माणसं न घेणाऱ्यांपेक्षा अंगाने बारीक होती. त्यात मिश्रीही आली. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू कुटून सकाळी दाताला लावणारी आजी आठवा. 'आमची आई काटक, कधी फार जेवलीच नाही' असं आपण कौतुकाने सांगतो. त्या काटकपणात मिश्रीचा वाटा किती, हे कुणी विचारलंच नाही.

अमेरिकन कंपन्यांनी हे हेरून १९२८च्या सुमारास जाहिरातीच काढल्या होत्या: गोड खायची इच्छा झाली की त्याऐवजी आमची सिगारेट घ्या! मिठाईवाले खवळले होते म्हणे. विज्ञानाला जे कळायला आणखी ऐंशी वर्षं लागली, ते विक्रेत्याला आधीच कळलं होतं.

आता माझा सगळ्यात लाडका चमत्कार. तो चहाच्या ग्लासात आहे.

सिगारेट सोडलेला माणूस पहिल्या आठवड्यात चिडचिडा होतो, हात थरथरतात, रात्री तीनपर्यंत छताकडे बघत पडतो. सगळे म्हणतात, निकोटिनची तलफ. काही अंशी खरंच आहे. वर्षानुवर्षं निकोटिनचा मारा झाल्यामुळे मेंदूने जास्तीची कुलपं बसवून ठेवलेली असतात. ती सगळी एकदम रिकामी पडतात, आणि त्यांची संख्या पूर्ववत व्हायला सहा ते बारा आठवडे लागतात. पण आणखी एक गुन्हेगार आहे, ज्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही. सिगारेटच्या धुरातले काजळीसारखे घटक यकृताला एक विशिष्ट विकर भरमसाट बनवायला लावतात. तेच विकर चहा-कॉफीतलं कॅफिनही तोडतं. म्हणून ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन झरझर निघून जातं. त्याला सहा-सहा कटिंग पचतात. सिगारेट थांबली की काही दिवसांत यकृत ही जादा फौज कमी करतं. चहा मात्र तेवढाच चालू राहतो. परिणाम? तेवढ्याच चहात रक्तातलं कॅफिन दुपटीच्या घरात! माणूस म्हणतो 'सिगारेटशिवाय झोप येत नाही', आणि झोप उडवणारा असतो तो हातातला ग्लास. (दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांनी सोडण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगावं, ते औषधही याच विकराने तुटतं.)

इथे आपला घरगुती हिशेब फारच सुंदर बसतो. टपरीचा गोड कटिंग, दूध-साखर धरून, पन्नासेक कॅलरींचा. दिवसाला सहाचे तीन केले तर दीडशे वाचल्या. स्वित्झर्लंडच्या खोलीत निकोटिन जेवढं जादा जाळत होतं, त्यातला मोठा भाग केवळ चहा निम्मा केल्याने भरून निघतो. वर झोप मिळते. वर तो टपरीसमोरचा कोपराही टळतो, जिथे चहा हातात आला की दुसरा हात आपोआप सुतळीकडे जातो.

पोटातही एक गोष्ट घडते, आणि ती अजून पुरती उलगडलेली नाही. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत उंदरांना धूर दिला, मग बंद केला. उंदीर जाड झाले. पण आतड्यातले जंतू प्रतिजैविकांनी मारून टाकले तेव्हा तेवढे जाड झालेच नाहीत! धुरातली द्रव्यं आतड्यात उतरून तिथली वस्तीच बदलतात, असं २०२१ साली 'नेचर'मध्ये आलं. ते उंदरांचं झालं, माणसाचं किती खरं ते पुढे कळेल. म्हणून कुणी प्रतिजैविकं खात बसू नये. पण विचार करा, सिगारेट ओढणारे आपण एकटे नसतो, पोटातले अब्जावधी भाडेकरूही ओढत असतात.

मग तलफ आली की काय करायचं? उत्तर पाणबुडीतून आलं. १९६० च्या दशकात स्वीडनच्या पाणबुड्यांवर धूम्रपान अशक्य होतं, तेव्हा खलाशी सिगारेटऐवजी तंबाखू चघळून भागवतात असं संशोधकांच्या ध्यानात आलं. ती गोष्ट औषध कंपनीतले रसायनज्ञ उवे फर्नो यांच्या कानावर गेली, आणि त्यातून निकोटिन गम जन्माला आला. पण तो सुरुवातीला चालेना. तोंडातल्या अस्तरातून निकोटिन आत शिरायचं तर लाळ थोडी क्षारयुक्त हवी. मग त्यांनी गममध्ये क्षार घातला, आणि गम चालला. वाचताना मी ओरडलोच. अहो, हे तर तळहातावर तंबाखू मळणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाला येतं! चुना कशासाठी असतो? चवीसाठी? चुना हाच तो क्षार. स्वीडनच्या प्रयोगशाळेत जे सापडलं ते आपल्या पारावर अंगठ्याने शतकानुशतकं चालू होतं.

हा गम आपल्याकडे औषधाच्या दुकानात मिळतो. तो च्युइंगमसारखा कचाकचा चावायचा नसतो. दोन-चारदा चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गालात ठेवून द्यायचा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा. आणि तो चालू असेपर्यंत वजनाची वाढ लांबणीवर पडते, कारण भुकेच्या कुलपात किल्ली थोडी फिरत राहते. एकदम दोन लढाया लढण्यापेक्षा हे मला शहाणपणाचं वाटतं. आधी धूर, मग कंबर. फक्त तोंडाला चाळा म्हणून सुपारीकडे जाऊ नका. ती स्वतःच कर्करोगकारक ठरलेली आहे. बडीशेप बरी, लवंग बरी. जेवणानंतरची सिगारेट म्हणजे जेवणाचा पूर्णविराम होता. तो गेला की ताट संपतच नाही आणि हात बर्फीकडे जातो. आपल्याकडे तो पूर्णविराम आधीपासून होताच, शेवटच्या ताकभाताचा आणि चिमूटभर बडीशेपेचा.

पाणबुडी म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. आपण रोज बसतो की तिच्यात! कल्याणहून सीएसएमटीपर्यंत तासाभराहून जास्त वेळ, दार सोडाच, हात हलवायला जागा नाही. दिवसाला पाकीट संपवणारा माणूस हा तास निमूट काढतो. का काढतो? कारण तलफ ही लाटेसारखी येते आणि थोड्या मिनिटांत ओसरते, मग तुम्ही ओढा की न ओढा. कल्याणला आली तर डोंबिवली येईतो बरीच उतरते. चालू लागलात तर आणखी लवकर. पाच-दहा मिनिटं भरभर चालल्याने तलफ मंदावते हे प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आणि पाऊण तास भरभर चाललं की दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. पुन्हा तोच आकडा! स्टेशनहून शेअर रिक्षाच्या रांगेत न लागता एमआयडीसीच्या निवासी भागापर्यंत चालत गेलं, किंवा ठाण्यात तलावपाळीला दोन-चार फेऱ्या मारल्या, की हिशेब जुळत येतो. एकट्याने जमेना, तर सिगारेटच्या पाकिटावरच सरकारी मदतीचा फुकट नंबर छापलेला असतो, १८००-११-२३५६. सुटण्याचा पत्ता पाकिटावरच, हाही एक विनोदच.

मित्राची भीती मात्र वजनकाट्याची होती. "बारीक होतो ते बरं होतं ना?" तो म्हणायचा. या प्रश्नाचं उत्तर पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या एका फोटोत आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला गेला. उंची-वजनाच्या गणिताने दोघे तंतोतंत सारखे, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! सारखं वजन, दुपटीहून जास्त चरबी. आपण भारतीय बारीक दिसतो, पण आतून तूप साठवून असतो, आणि तेही पोटात. धूम्रपान करणाऱ्यांची गंमत अशी की वजन कमी असूनही त्यांची चरबी पोटाकडेच जास्त गोळा होते. म्हणजे ज्या बारीकपणाचं माझ्या मित्राला कौतुक होतं, तो काट्याने सांगितलेली अर्धी गोष्ट होता. म्हणून काट्यापेक्षा शिंप्याची टेप प्रामाणिक: पुरुषाच्या पोटाचा घेर ९० सेंटिमीटर, बाईचा ८० सेंटिमीटर ओलांडू लागला की लक्ष द्यायचं.

काळजी अगदीच खोटी नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ साली हजारो लोकांची वर्षानुवर्षांची नोंद तपासली, तेव्हा वजन वाढलेल्या सोडणाऱ्यांमध्ये मधुमेहाचा धोका पाच-सात वर्षं वर गेला आणि मग उतरला. मधुमेहाच्या या मुलखात ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही. पण त्याच अभ्यासात ज्यांचं वजन दहा किलोंहून जास्त वाढलं, त्यांचंही हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण ओढत राहिलेल्यांच्या एक तृतीयांशच होतं. दहा किलो! एवढं वजन म्हणजे तांदळाची मोठी पिशवी पोटाला बांधून फिरणं, आणि तरी हृदय खूश.

हा फोटो आणि हे आकडे मी मित्राला ठाणे ते घाटकोपर ऐकवले. तो ऐकत होता की झोपला होता, कोण जाणे. शनिवारी मात्र दोन पँटी घेऊन फडके रोडजवळच्या शिंप्याकडे गेला, मलाही घेऊन गेला. शिंप्याने कंबरेची मागची शिवण दाताने तोडून उसवली, कापड उलटं केलं आणि आम्हाला दाखवलं. शिवताना आत दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. बाहेरची पँट धुऊन-धुऊन राखाडी झाली होती, आतली पट्टी अजून गडद निळी होती.

"बुधवारी या," शिंपी म्हणाला.